सोया पेंडीला पर्याय: डुकरांच्या खाद्यात दुसरी वनस्पती प्रथिनं वापरायची तर

२०२१च्या पावसाळ्यात सोया डीओसीचा, म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोया पेंडीचा भाव किलोला शंभर रुपयांच्या आसपास गेला. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शेडमध्ये तेव्हा चाळीस डुकरं होती, बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची. त्या ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयाच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. माल उतरवायला न्हावा शेवा बंदर ठरलं, आमच्यापासून फार लांब नाही. पण आठवड्याला दोन-चार पोती घेणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत त्यातलं काही पोहोचलं नाही.

मग मी जे मिळेल ते घातलं. जवळच्या भात गिरणीतून तांदळाचं पॉलिश, म्हणजे तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा, आणि घाण्यावरची शेंगदाणा पेंड. डुकरं आवडीने खात होती, अंगानेही भरली. डिसेंबरात भाईंदरजवळच्या उत्तनच्या एका मावशींनी नाताळच्या सॉसेजसाठी अख्खं डुकर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या पाठीच्या चरबीचा तुकडा फळीवर घेतला आणि सुरी चालवली. चौकोनी फोड पडायच्या ऐवजी चरबी सुरीला लोण्यासारखी माखली. "पोरी, हे आतड्यात भरलं की नुसता गोळा होईल. काय खायला घातलंस तू याला?" मावशींनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं पुढचं वर्षभर गेलं. ठाणे, नवी मुंबईच्या आसपास जे नव्याने वराहपालनात उतरत आहेत, त्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी दोन आकडे समजून घ्या: लायसीन आणि तेल

डुकराला सोया लागत नाही, अमिनो आम्लं लागतात, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं ते घटक. मका, तांदूळ, गहू यांवर वाढणाऱ्या डुकराला सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसीन नावाचं अमिनो आम्ल. सोया डीओसीत साधारण ४५ टक्के प्रोटीन आणि पावणेतीन टक्क्यांच्या आसपास लायसीन असतं, म्हणून ती एवढी सोयीची. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन जवळपास तेवढंच, ४० ते ४५ टक्के, पण लायसीन दीड टक्काच. पोत्यावरचं प्रोटीन बघून "सारखंच आहे" असं म्हणणारा इथेच फसतो. लायसीन कमी पडलं की वाढ मंदावते, खाद्य जास्त लागतं आणि त्याच वजनाच्या डुकरात मांस कमी, चरबी जास्त भरते.

दुसरा आकडा तेलाचा. गाय-म्हशीच्या पोटात खाद्यातल्या तेलाची रचना बरीचशी बदलून जाते. डुकराचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं, त्यामुळे खाल्लेलं तेल जवळपास तसंच चरबीत जाऊन बसतं. मक्याचं, तांदळाच्या कोंड्याचं, शेंगदाण्याचं तेल खोलीत पातळ राहतं, मग त्यावर पोसलेली चरबीही मऊ होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात शेंगदाण्याच्या शेतात चरायला सोडलेल्या डुकरांची चरबी मऊ निघते, ही तिथल्या खाटकांची शंभर वर्षांपूर्वीचीच तक्रार. उलट पिठूळ, कमी तेलाचं खाद्य दिलं की डुकर स्वतःच पिष्टापासून चरबी बनवतं आणि ती घट्ट, पांढरी असते.

युरोपात ब्राझील-अर्जेंटिनाच्या सोयावरची भिस्त कमी करायची म्हणून वाटाणा, बाकला, ल्युपिन (तिकडचं एक कडधान्य), रेपसीड (मोहरीसारखं तेलबी) पेंड या सगळ्यांवर बरंच काम झालंय. अमिनो आम्लं नीट जुळवली तर मांसाचा रंग, पाणी सुटणं, मऊपणा यांत सोयावर वाढलेल्या डुकराच्या मानाने फारसा फरक पडत नाही, असंच त्यातून बहुतेक वेळा दिसलंय. माझाही अनुभव तोच. पेंड बदलल्याने मांस बिघडत नाही, पेंडीसोबत आलेल्या तेलाने चरबी बिघडते.

२. आपल्या भागात काय मिळतं आणि किती घालावं

खालची प्रमाणं १०० किलो तयार खाद्यातली आहेत. वाढत्या आणि विक्रीच्या डुकरांसाठी. दूध तुटलेल्या पिलांवर प्रयोग करू नका, त्यांना चांगली सोया डीओसीच द्या, कितीही महाग असो.

*शेंगदाणा पेंड.* ८ ते १० किलो. शक्यतो तेल काढलेली डीओसी घ्या, घाण्याच्या पेंडीत ७-८ टक्के तेल राहतं. तिचा खरा धोका म्हणजे बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. त्यावर पाचव्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

*मोहरी पेंड.* ५ किलो. कडवट आणि झणझणीत असते, जास्त झाली की डुकरं खाद्याचं भांडं उलटतात. तिच्यातली ग्लुकोसिनोलेट्स थायरॉइडवर परिणाम करतात, म्हणून गाभण माद्यांना मी देतच नाही.

*तीळ पेंड.* ५ किलोपर्यंत. लायसीन कमी पण मेथिओनीन (दुसरं एक गरजेचं अमिनो आम्ल) भरपूर, त्यामुळे तूर चुनी किंवा सोयासोबत छान जमते. वाशीच्या दाणा बाजारात चौकशी केली तर मिळते, कायम मिळेल याची खात्री नाही.

*सूर्यफूल पेंड.* सालं किती आहेत ते बघा. तंतू जास्त असले की पोट भरतं, वाढ होत नाही. ५ ते ८ किलो, तेही ५० किलो वजनाच्या पुढच्या डुकरांना.

*तूर, मूग, चणा चुनी.* डाळ बनवताना उरलेला चुरा आणि टरफलं, डाळ मिलमधून येते. १० ते १५ किलो बिनधास्त घालता येते. प्रोटीन पेंडीपेक्षा बरंच कमी, पण तेल नगण्य आणि कडधान्याचा माल असल्याने प्रोटीनच्या मानाने लायसीन चांगलं. मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला पर्याय हाच. फक्त पोत्यात टरफल किती आणि चुरा किती ते हाताने चाळून बघा. टरफलच जास्त असेल तर तुम्ही भुसा विकत घेताय.

*डीडीजीएस.* धान्यापासून अल्कोहोल काढल्यावर उरलेला सुका चोथा. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २७ ते ३० टक्के प्रोटीन, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४० टक्क्यांच्या वर. मक्याच्या मालात तेलही ८-१० टक्के असतं. वाढीच्या काळात १० ते १५ किलो चालतं. विक्रीच्या आधी पाच-सहा आठवडे तो बंद करायचा, हे लिहूनच ठेवा.

*वाल, कुळीथ.* भातानंतर आपल्याकडे वाल होतोच. भुंगा लागलेला, विकला न जाणारा वाल स्वस्तात मिळतो. कच्चा कधीही घालू नका. कच्च्या वाल-कुळथातले घटक प्रोटीनचं पचन अडवतात. उकळून, पाणी टाकून, मग घाला. कच्च्या सोयाबीनलाही हाच नियम.

*अझोला, शेवग्याचा पाला.* जोडीला म्हणून उत्तम, मुख्य खाद्य म्हणून नाही. अझोलाच्या सुक्या वजनात २०-२५ टक्के प्रोटीन असतं हे खरं, पण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दहा किलो ओला अझोला म्हणजे सुकं अर्धा-पाऊण किलो. व्हिडिओ बघून मोठमोठे हौद बांधणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

*सरकी पेंड.* नको. शेजारच्या म्हशी रोज खातात म्हणून आपणही घालू, असं नवीन माणसाला हटकून वाटतं. सरकीत गॉसिपॉल असतं. म्हशीला ते बऱ्यापैकी सोसतं, डुकराला नाही. विष हळूहळू साठतं, काही आठवडे सगळं ठीक दिसतं आणि मग धापा टाकत डुकर मरतं. *सुबाभळीचा पाला* सुद्धा टाळा, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात आणि माद्यांची वीण बिघडते.

*जवस.* हा वेगळा विषय आहे. जवसाने मांसात ओमेगा-३ वाढतं आणि तसं मांस काही देशांत मुद्दाम विकलं जातं. पण चरबी मऊ पडते आणि लवकर खवट होते, म्हणून सोबत व्हिटॅमिन ई वाढवावं लागतं. नवीन माणसाने इकडे वळू नये.

हॉटेलच्या उरल्यासुरल्या अन्नाबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात, कारण ठाणे आणि वाशी पट्ट्यात ते फुकट मिळतं. २०२०मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात शिरला. हा विषाणू डुकराच्या मांसाच्या तुकड्यांत टिकतो आणि उष्ट्यातून शेडमध्ये येतो. एका बादलीपायी अख्खा कळप जाऊ शकतो. मी घेत नाही.

३. खरेदीला जाण्याआधी ही तयारी

जवळ हे सगळं असू द्या:

- १०० ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा, आणि लायसीनसाठी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा
- मापाची टेप
- हवाबंद झाकणाचे दोन ड्रम
- लाकडी पॅलेट किंवा विटांवर टाकायला फळ्या
- एल-लायसीन एचसीएल (लायसीनची पावडर), डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), मिनरल मिक्सचर, मीठ, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारी पावडर), फायटेज (फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम)
- प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल, त्यावर लॉट नंबर आणि तारीख
- वही

कागदांत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, लसीकरणाची नोंद, विक्रीला नेताना पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, आणि स्वतः मांस विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. घरामागे कापून विकायचा विचार मनातही आणू नका, मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच माल जायला हवा.

आता पेंड निवडताना. पोतं उघडून मूठभर माल बाहेर काढा आणि उन्हात बघा. हिरवट-काळे डाग, जाळी, कुबट वास, यातलं काहीही असलं तर पुढचं बोलणं नको. चमचाभर पेंड पाण्याच्या ग्लासात ढवळा. वाळू तळाशी बसते, लाकडाचा भुसा वर तरंगतो.

यापेक्षा मोठी लबाडी युरियाची. प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ने गुणते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर २८७ टक्के "प्रोटीन". १०० किलो पेंडीत किलोभर युरिया मिसळला की रिपोर्टात जवळपास तीन टक्के प्रोटीन वाढून येतं, आणि डुकराला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून चाचणी करताना युरियाची तपासणीही सांगा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे, तिथे आधी फोन करून नमुना कसा आणि किती द्यायचा ते विचारा. नमुना एका पोत्याच्या तोंडातून नको. पाच-सहा पोत्यांच्या तळातून, मधून, वरून थोडं थोडं घेऊन एकत्र करा.

४. हिशोब मांडा

माझं वाढीचं, म्हणजे ३० ते ६० किलोच्या डुकरांचं मूळ खाद्य असं होतं: मका भरडा ६२ किलो, सोया डीओसी २२, गव्हाचा कोंडा १३, बाकी मिनरल, डीसीपी, मीठ. प्रोटीन सतरा टक्क्यांच्या थोडं वर.

आता यातली ८ किलो सोया काढून ८ किलो शेंगदाणा डीओसी घालू. २२ किलो सोयातून ९.९ किलो प्रोटीन येत होतं. १४ किलो सोया आणि ८ किलो शेंगदाणा मिळून साधारण ९.७ किलो येतं. फरक जवळजवळ नाहीच. पण लायसीन बघा. आधी २२ किलोतून सुमारे ६१६ ग्रॅम. आता सोयाचे ३९२ आणि शेंगदाण्याचे १२०, एकूण ५१२ ग्रॅम. तूट १०४ ग्रॅमची. बाजारातल्या लायसीन एचसीएल पावडरीत प्रत्यक्ष लायसीन ७८ टक्के असतं, म्हणून १०४ भागिले ०.७८, म्हणजे साधारण १३५ ग्रॅम पावडर. मूळ खाद्यात तुम्ही जेवढी पावडर घालत होतात त्यावर एवढी जास्तीची. या १३५ ग्रॅमची किंमत धरूनच शेंगदाणा स्वस्त पडतो का ते ठरवा.

पावडर थेट ढिगावर शिंपडू नका. आधी दोन किलो मक्यात हाताने चोळून मिसळा, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात. मी पहिल्यांदा थेट टाकली होती आणि एका कप्प्यातली डुकरं वाढली, दुसऱ्यातली नाही.

वनस्पतींतलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं, डुकराला मिळत नाही. फायटेज घातलं की ते सुटतं आणि डीसीपी कमी लागतं. डब्यावरचं प्रमाण पाळा.

५. पावसाळ्यासाठी वेगळा नियम

जून ते सप्टेंबर आपल्या भागातली हवा अशी की पापड तळल्यावर दहा मिनिटांत सादळतो. पेंडीचंही तेच होतं. ओलावा १०-११ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते आणि शेंगदाणा, मका यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही, भाजून जात नाही. डुकरं खायला टाळतात, वाढ थांबते, यकृत खराब होतं. खाद्यातलं प्रमाण २० पीपीबीच्या (अब्ज भागांत २० भाग) आत हवं.

म्हणून पावसाळ्यात मी शेंगदाणा पेंड पूर्ण बंद ठेवते आणि चुनीवर भर देते. बाकी माल पंधरा दिवसांपुरताच. पोती भिंतीपासून हातभर लांब, पॅलेटवर. टॉक्सिन बाइंडर घालतेच, पण बाइंडर आहे म्हणून डागलेली पेंड वापरायची मुभा मिळत नाही. दुकानदार "ताई, उन्हात दोन दिवस टाका, काही होत नाही" असं म्हणेल. बुरशी वाळते, विष तिथेच राहतं.

६. बदल हळूहळू करा आणि वजन घ्या

जुन्या खाद्यात नवं आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एकदम बदललं की हगवण लागते आणि दोष पेंडीला जातो. आधी एका कप्प्यातल्या चार डुकरांवर महिनाभर करून बघा, बाकीच्यांना जुनंच.

काटा मोठा नसेल तर टेपने वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. घेर १.०५ आणि लांबी १.१५ असेल तर साधारण ८८ किलो. सकाळी खाद्य घालण्याआधी, डुकर डोकं सरळ ठेवून उभं असताना मापा. दर पंधरा दिवसांनी वहीत वजन आणि तेवढ्या दिवसांत संपलेलं खाद्य लिहा. एक किलो वाढीला खाद्य साडेतीन किलोच्या वर जायला लागलं तर आधी लायसीनचा हिशोब तपासा.

७. शेवटचे पाच-सहा आठवडे

उत्तनच्या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्या वर्षीच्या माझ्या खाद्यात १०० किलोमागे २५ किलो पॉलिश होतं. पॉलिशमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणजे साडेतीन किलो. घाण्याच्या शेंगदाणा पेंडीतून आणखी किलोभर, मक्यातून दीड. एकूण सहा किलो पातळ तेल, मका-सोयाच्या खाद्याच्या जवळपास दुप्पट, आणि तेही अगदी कापायच्या दिवसापर्यंत.

चरबी एका दिवसात बदलत नाही, पण शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात दिलेल्या खाद्याची छाप तिच्यावर चांगलीच पडते. आता डुकर ६०-६५ किलोचं झालं की पॉलिश, घाण्याची पेंड आणि डीडीजीएस तिन्ही बंद. त्याच भात गिरणीतून पॉलिशऐवजी कणी आणते. कणीत तेल जवळपास नसतं. कणी, थोडा मका, तूर चुनी, सोया किंवा शेंगदाण्याची डीओसी आणि लायसीन, प्रोटीन १४-१५ टक्के. कणी पॉलिशपेक्षा महाग पडते, पण सॉसेजवाली गिऱ्हाइकं याच चरबीसाठी परत येतात.

मांसाला वास येण्याची तक्रार आली तर पेंडीवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी बघा. मासळीचा कुटा किंवा मासळी बाजाराचा कचरा खाद्यात होता का, आणि नराचं खच्चीकरण पिलू असतानाच झालं होतं का. मोठ्या नराच्या मांसाला येणारा उग्र दर्प कुठल्याही खाद्याने पूर्ण जात नाही.

८. गाडीत चढवण्याआधी, आणि कापल्यानंतर

देवनारच्या कत्तलखान्यात न्यायच्या आधी बारा ते अठरा तास खाद्य बंद, पाणी सुरू. भरल्या पोटी गाडीत डुकरं ओकतात, गुदमरतात. मुरबाडहून निघायचं तर रात्री किंवा पहाटे निघा. दुपारच्या उन्हात कल्याण फाट्यावर किंवा ऐरोलीच्या पुढे अडकलेल्या गाडीतल्या डुकरांना ताण बसतो आणि मांस फिकं, पिळपिळीत, पाणी सोडणारं निघतं. हे मांस बघून लोक "खाद्य खराब होतं" म्हणतात. त्याचा खाद्याशी संबंध नसतो.

मांस हातात आलं की पाठीच्या चरबीचा तुकडा एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी अंगठ्याने दाबा. घट्ट चरबीत खळगा पडत नाही, सुरीने स्वच्छ चौकोन निघतात, रंग पांढरा राहतो. मऊ चरबी बोटाला तेलकट लागते आणि मांसापासून सुटी होते. तुकडा कुठल्या डुकराचा, त्याने शेवटचे सहा आठवडे काय खाल्लं, हे त्याच वहीत वजनाच्या शेजारी लिहा. मी अजूनही प्रत्येक खेपेला एक तुकडा मावशींकडे पाठवते. गेल्या नाताळात त्यांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, "याच खाद्यातली अजून दोन आहेत का?"